अळीला लागलेला काना

दोन सप्टेंबरला, मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या टपालाने मंजुरीपत्र आले. रक्कम सहा लाख बेचाळीस हजार तीनशे पन्नास रुपये. बाईंनी मागितली होती तेवढीच, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. सही बरोबर, शिक्का बरोबर, तारीख बरोबर. फक्त विषयाच्या ओळीत एक काना जास्त होता.

बाईंनी अर्ज केला होता अळी संवर्धनासाठी. पैसे मंजूर झाले होते आळी संवर्धनासाठी, ‘शहरातील रस्ते, गल्ल्या व आळ्या’ या खर्चाच्या शीर्षाखाली. स्थळपाहणीसाठी ओव्हरसियर येतील, त्यांना आळीची लांबी-रुंदी दाखवावी, असेही पत्रात म्हटले होते.

बाई आधी पोटभर हसल्या. अळ्यांच्या खोलीत काम करणाऱ्या मावशी ट्रे धुता धुता थांबल्या.

“काय झालं बाई?”

“काही नाही मावशी. आपल्या अळ्यांवर डांबर घालायला निघालेत.”

हेडक्लार्कला मात्र हसू आले नाही. त्याने पत्र दोनदा वाचले आणि चष्मा कपाळावर चढवला. “बाई, शीर्ष चुकलं म्हणजे पैसा येऊनही आला नाही. रस्त्याच्या पैशातून तुम्हाला एक टोपलं घेता यायचं नाही. तीस तारखेला सहामाही बंद होते. त्याच्या आत शुद्धिपत्रक निघालं नाही, तर रक्कम आल्या पावली परत.”

“आणि खोली?”

“खोलीचं मी काय सांगू? जुन्या फायली ठेवायला जागा हवीय हे संचालक वर्षभर बोलतायत.”

मग बाईंचे हसू गेले. त्या खोलीत एकोणीस वर्षे एक वंश चालू होता. काळी, सडपातळ, कोणाला न चावणारी एक माशी. ती आठवडाभर जगते, त्या आठवड्यात काही खात नाही, फक्त अंडी घालते. अंड्यांतून अळ्या निघतात आणि भाजीबाजारातला कुजका पाला, फळांच्या साली, शिळे उरलेले, जे द्याल ते खाऊन पंधरा-वीस दिवसांत गलेलठ्ठ होतात. त्या वाळवल्या की कोंबड्यांना आणि माशांना उत्तम खाद्य. बाईंनी प्रत्येक पिढीतल्या लवकर वाढणाऱ्या अळ्या निवडून पुढची पिढी घेतली होती. सध्याची पिढी एकशे चौसष्टावी. हे काही कपाटात कुलूप लावून ठेवता येत नाही. दीड महिना खोली बंद राहिली की वंश संपला. निवृत्तीला एक वर्ष आठ महिने उरले होते, आणि तेवढ्यात हा वंश खेडोपाडी कोंबड्या पाळणाऱ्यांच्या हाती द्यायचा, त्यांना शिकवायचे, एवढेच बाईंचे काम बाकी होते. पैसे त्यासाठीच मागितले होते.

बाईंना संस्थेत सगळे ‘अळीबाई’ म्हणत. पाठीमागे म्हणत तसे तोंडावरही म्हणत, आणि त्या ओ देत.

कॉलेजात त्यांच्या वर्गात सगळे किडे मारायला शिकत होते. बाईही शिकल्या. पहिली नोकरी धान्यावरच्या किडीच्या विभागात लागली. तिथे विषाच्या चाचणीसाठी किडे वाढवायचे आणि वाढले की मारायचे, असे काम होते. एकदा एक ट्रे वाया गेला म्हणून त्यांनी तो मागच्या अंगणात उपडा केला. चौकीदाराच्या कोंबड्या धावत आल्या. दुसऱ्या दिवशी चौकीदाराची बायको भांडायला हजर. “काय घातलंत हो माझ्या कोंबड्यांना? दाणा टाकला तर ढुंकून बघत नाहीत, तुमच्या दारात येऊन बसल्यात!” बाईंनी त्या दिवशी वहीत पहिली नोंद केली. पुढची बत्तीस वर्षे त्या एका नोंदीचा पाठपुरावा होता.

मध्ये सहा वर्षे माणसांच्या खाण्यासाठीही खटपट केली. रातकिडे भाजून, दळून, त्या पिठाची बिस्किटे केली. साठ जणांना चव बघायला बोलावले. अकरा आले. नऊ जणांनी खाल्ले, एकाने वास घेऊन परत ठेवले आणि त्या वेळच्या संचालकांनी “नंतर निवांत खातो” म्हणून खिशात घातले. बिस्किटात प्रथिने किती आणि लोह किती याचे तक्ते चोख होते. तक्ते कोणी खात नाही, हे बाईंना तेव्हा कळले. “आधी कोंबडीला पटवू,” त्या म्हणाल्या, “माणसाचं बघू मग.”

लग्नाआधी त्या पहिल्यांदा सासरी गेल्या, तेव्हाची गोष्ट त्यांचे यजमान अजून सांगत. सासूबाईंनी विचारले होते, “किड्यांवर काम करतेस म्हणजे किडे मारतेस ना?”

“नाही, पाळते.”

“पाळतेस? आणि मग पुढे काय?”

“पुढे खायला घालते.”

“कोणाला?” असे म्हणत सासूबाईंनी पुढ्यातली बशी हळूच आपल्याकडे ओढली. मुलगा खो खो हसत सुटला आणि लग्न ठरले. पुढे त्याच सासूबाई भाज्यांच्या साली पिशवीत जमवून ठेवत आणि सुनेच्या हातात देताना म्हणत, “घे, तुझ्या लेकरांना.” बाईंना मूल झाले नाही. सासूबाईंनी त्या विषयावर जन्मात दुसरा शब्द काढला नाही. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी उशाशी सालींची पिशवी ठेवली होती.

यजमान छापखान्यात प्रूफरीडर होते. चौतीस वर्षे लोकांची पुस्तके तपासली. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना उंबऱ्यातूनच दिसते असे छापखान्यात म्हणत. त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता: त्यांनी तपासलेल्या एकाही पुस्तकाला शेवटी शुद्धिपत्रक जोडावे लागले नव्हते. “शुद्धिपत्रक म्हणजे प्रूफरीडरचा कबुलीजबाब,” ते म्हणत. बाईंचा प्रत्येक निबंध, प्रत्येक अहवाल, प्रत्येक अर्ज आधी त्यांच्याकडे जाई. अळ्यांमधले त्यांना ओ की ठो कळत नसे. “अळीचं पोट भरलं का ते तू बघ,” ते म्हणत, “वाक्याचं पोट भरलं का ते मी बघतो.” पान तपासून झाले की उजव्या खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची एक बारीक खूण. ती खूण दिसली की बाई पाकीट बंद करत.

मंगळवारी संध्याकाळी अर्जाची स्थळप्रत पिशवीत घालून बाई घरी निघाल्या, त्या यजमानांची चेष्टा करायला. अर्जाच्या आत बावीस ठिकाणी ‘अळी’ बरोबर होते. टाइप करणाऱ्या मुलीचा हात फक्त विषयाच्या ओळीत घसरला होता, आणि वरच्या कचेरीत विषयाच्या ओळीपलीकडे कोणी वाचले नव्हते. ‘काय हो, उंबऱ्यातून दिसतं ना?’ असे विचारायचे, हे त्यांनी बसमध्येच ठरवले होते.

घरी यजमान चहा गाळत होते. डाव्या हाताचे एक बोट कपाच्या काठावरून आत वाकवलेले. चहा बोटाला लागला तसे त्यांनी गाळणे उचलले. गेले कित्येक महिने ते असाच चहा ओतत होते. बाईंना ती एक लकब वाटली होती.

“काय गं, आलं का मंजुरीचं?”

“आलं.”

“रक्कम?”

“सगळी.”

“मग आवाज का असा पडलेला?”

तोंड का पडलेले, असे त्यांनी विचारले नाही. आवाज म्हणाले. बाई त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर उभ्या होत्या आणि ते त्यांच्या खांद्याच्या थोडे बाजूला बघत होते.

आत जाऊन बाईंनी अर्जाची प्रत दिव्याखाली धरली. लाल खूण होती. पण कोपऱ्यात नव्हती. मजकुराच्या शेवटच्या ओळीवर चढून बसली होती. त्याआधीचा अहवाल काढला. तिथे ती पानाच्या पार कडेला गेली होती. त्याआधीच्या पत्रावर दोन खुणा होत्या, एकीवर एक. ट्रेकडे नुसती नजर टाकून उद्या कोणती अळी काळी पडून कोशात जाणार हे सांगणाऱ्या बाई पलंगाच्या कडेला बसून राहिल्या. घरात एका माणसाचे डोळे जात होते आणि त्यांनी वहीत एकही नोंद केली नव्हती.

चेष्टा राहून गेली. प्रत पिशवीत परत गेली.

अकरा तारखेला ओव्हरसियर आले. कमरेला मोजपट्टी, काखेत फाईल. बाई मागच्या खोलीत अंडी वेचत होत्या, त्यामुळे गाठ पडली मावशींशी. पत्राचे प्रकरण मावशींनी अर्धेच ऐकले होते.

“आळी बघायची होती,” ओव्हरसियर म्हणाले.

“या ना. चपला तेवढ्या बाहेर काढा.”

“आळीत चपला काढून जायचं?”

“स्वच्छता पाळावी लागते.”

ओव्हरसियरनी चपला काढल्या आणि फाईल उघडली. “बरं, लांबी किती?”

“दोन सेंटिमीटर. नीट खाल्लं तर अडीच.”

“मीटर म्हणायचंय का तुम्हाला?”

“मीटर झाली तर मी उद्यापासून कामावर येणार नाही.”

“वस्ती किती आहे?”

“एका ट्रेमध्ये दहा हजार.”

“दहा हजार!” त्यांचे पेन थांबले. “आणि पाण्याची सोय?”

“वेगळं पाणी नको त्यांना. भाजीच्या ओलाव्यात भागतं.”

“कचरा कुठे टाकतात?”

“टाकतात कशाला? खातात.”

एवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांनी ओव्हरसियरच्या पायांकडे, मग चेहऱ्याकडे पाहिले, त्यांना स्टूल दिले आणि सगळा प्रकार पहिल्यापासून सांगितला. ओव्हरसियर इतके हसले की मावशींना त्यांच्यासाठी पाणी आणावे लागले. मग ते उठून ट्रेपाशी गेले आणि कान जवळ नेला. हजारो अळ्या खाताना येणारी ती बारीक सळसळ पहिल्यांदा ऐकणारा माणूस आणखी जवळ वाकतो. तेही वाकले.

“बाई, पंचवीस वर्षं आळ्या मोजतोय,” ते शेवटी म्हणाले. “पण तक्रार न करता एवढी माणसं एका जागी राहिलेली पहिल्यांदा बघतोय.”

कामाला लागल्यावर ते एकदम सरळ माणूस निघाले. त्यांनी अहवालात लिहिले, ‘स्थळपाहणी केली. आळी आढळली नाही. अळ्या आढळल्या.’ आणि मग समजावले, “शुद्धिपत्रक निघेल. पण सोबत खुलासा हवा. नुसतं ‘चूक झाली’ चालत नाही. चूक कोणाची ते हवं, आणि त्याची सही. टाइप करणाऱ्याची किंवा तपासणाऱ्याची.”

टाइप करणारी मुलगी सहा-सहा महिन्यांच्या करारावर होती. तिच्या नावाने खुलासा गेला तर पुढचे सहा महिने तिला मिळाले नसते.

“चूक माझी,” बाई म्हणाल्या.

“टाइप तुम्ही केलंत?”

“नाही.”

“मग तपासलंत तुम्ही?”

“हो.”

ओव्हरसियरनी बाईंनी समोर ठेवलेल्या अर्जाच्या प्रतीवरच्या लाल खुणेकडे पाहिले, बाईंच्या हातातल्या निळ्या पेनाकडे पाहिले आणि फाईल मिटली. “एकोणतीसपर्यंत आणा,” एवढेच म्हणाले.

खुलासा लिहायला बाईंना पाच दिवस लागले. निबंध लिहायला त्यांना एवढा वेळ लागत नसे. सोळा तारखेला संध्याकाळी तो कागद घेऊन त्या घरी आल्या. हे एक पान यजमानांना न दाखवताच पाठवायचे, असे त्यांनी ठरवले होते. पण पिशवीतून कागद निघाल्याचा आवाज यजमानांनी बरोबर ओळखला.

“काय आणलंयस? दे इकडे.”

“साधंच आहे. मी वाचते, तुम्ही ऐका.”

लाल पेन्सिल शोधणारा त्यांचा हात टेबलावर थांबला. लग्नाला तीस वर्षे झाली होती. आजवर बाईंनी एकही कागद त्यांना वाचून दाखवला नव्हता.

“कधी कळलं तुला?”

“चौदा दिवस झाले. आणि तुम्हाला?”

“वर्ष होईल.”

“वर्ष! अहो, एका शब्दाने बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तुझे कागद यायचे बंद झाले असते.” त्यांनी पेन्सिल हाताला लागेपर्यंत चाचपली आणि मुठीत धरली. “आत्ता आत्तापर्यंत जमत होतं गं. उन्हात बसून, एक डोळा मिटून. तुझी वाक्यं मला ओळखीची आहेत, अर्धं तर अंदाजाने वाचत होतो. काय सुटलं माझ्या हातून?”

“एक काना.”

“कुठे?”

“अळीला.”

त्यांनी पेन्सिलीने हवेत एक काना ओढला. मग म्हणाले, “आळी झाली?”

“हो. रस्तेवाल्यांचा ओव्हरसियर टेप घेऊन आला होता.”

यजमानांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुसतच राहिले. बाई खुर्ची ओढून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

“वाच,” ते म्हणाले.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. ‘सदर अर्ज तपासताना माझ्या नजरचुकीने...’

“थांब. ‘माझ्या’ म्हणजे?”

“म्हणजे माझ्या.”

“हे खोटं आहे. काट ते.”

“अहो, कोणाचं तरी नाव द्यायचंच आहे. काय फरक पडतो? तिकडे तुम्हाला कोण ओळखतं?”

“तिकडे नाही ओळखत. मी ओळखतो ना.” त्यांचा आवाज चढला नाही. “चौतीस वर्षांत माझ्या हातून शुद्धिपत्रक निघालं नाही. आता एक निघतंय, तर ते तरी शुद्ध असू दे. लिही: ‘मुद्रित तपासणाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे’. दृष्टीचा ‘ष्टि’ ऱ्हस्व. सामासिक शब्द आहे.”

“माहीत आहे मला.”

“तुला ‘अळी’ही माहीत होती.”

बाईंनी ते वाक्य खोडले आणि त्यांनी सांगितले तसे लिहिले. यजमान शब्दाशब्दाला थांबवत होते: इथे स्वल्पविराम दे, तो ‘देखील’ काढ, दोनदा आलाय. नेहमीपेक्षा जास्तच चुका काढल्या त्यांनी त्या दिवशी. शेवटी बाईंनी पेन त्यांच्या हातात दिले, हात धरून कागदावर ठेवला, आणि त्यांनी सही केली.

वीस तारखेला दोघे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, “डाव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, तो काढू, बरंच दिसेल. उजव्यात जे गेलंय ते गेलं. सहा महिने आधी आला असतात तर...” बाईंनी मान खाली घातली. यजमान डॉक्टरांना म्हणाले, “आधी आलो असतो तर हिला तीस वर्षांत एकदा तरी माझी चूक सापडली असती का? एवढा आनंद तिला मिळू द्या की.” बाहेर आल्यावर बाईंनी त्यांचा दंड धरला, तो घरी पोहोचेपर्यंत सोडला नाही.

खुलाशावर संचालकांची सही मिळायला बारा दिवस गेले; एकोणतीस तारखेला, सोमवारी, दोघेही वरच्या कचेरीत गेले. बाई एकट्या जाणार होत्या. “चूक माझी आणि फेऱ्या तुला?” म्हणत यजमान चप्पल घालून दारात उभे राहिले होते. खिडकीमागच्या साहेबांनी खुलासा वाचला.

“तपासणारे कोण?”

“मी.”

“एवढा मोठा काना दिसला नाही तुम्हाला?”

“नाही दिसला, साहेब. दिसत नाही हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, तेही राहिलं. खुलाशात दोन्ही लिहिलंय.”

साहेबांनी पुन्हा एकदा वाचले. “फार शुद्ध लिहिलंय,” ते पुटपुटले. “पण यावर पाच रुपयांचं कोर्ट-फी तिकीट लागतं. तिकिटाशिवाय घेता येत नाही. आणि एक वाजता खिडकी बंद.”

एकला दहा मिनिटे कमी होती. बाईंकडे पाचशेची नोट होती आणि तिकीटवाला सुट्टे नाहीत म्हणून हात जोडून मोकळा झाला. यजमानांच्या खिशात एक रुमाल आणि लाल पेन्सिल. बाई नोट नाचवत सगळ्या खिडक्या फिरल्या. शेवटी जिन्यावरून मोजपट्टी लावलेली ओळखीची कंबर उतरताना दिसली. ओव्हरसियरनी काही विचारले नाही. पाचाचे नाणे काढले, तिकीट घेतले, जिभेवर ओले करून स्वतःच चिकटवले आणि कागद खिडकीतून आत सरकवला, तेव्हा साहेब झडप ओढायला उठले होते.

“काका, काळजी करू नका,” ते यजमानांना म्हणाले. “आमच्याकडे तर सगळ्यांना दिसतं, आणि बघा.”

तीस तारखेला दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शुद्धिपत्रक निघाले. दोन ओळींचे. ‘आळी’ ऐवजी ‘अळी’ असे वाचावे. शीर्षात त्याप्रमाणे बदल करण्यात येत आहे. हेडक्लार्कने ते बाईंच्या टेबलावर आणून ठेवले आणि संचालकांना फायलींसाठी दुसरी जागा बघायला सांगतो म्हणाला. बाईंनी लगेच घरी फोन लावला.

“वाच,” यजमान म्हणाले.

बाईंनी वाचले.

“पुन्हा वाच. सावकाश.”

बाईंनी पुन्हा वाचले, एकेक अक्षर सुटे करून. मागे मावशी ट्रेमध्ये सकाळचा पाला पसरत होत्या आणि एकशे चौसष्टावी पिढी खायला लागली होती.

“शुद्ध आहे,” यजमान म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. आता ते जाड भिंगातून एका वेळी अर्धे पान वाचतात. उरलेले अर्धे बाई वाचून दाखवतात. एकशे पासष्टाव्या पिढीची अंडी पहिल्या सहा घरांत पोहोचली आहेत.

ओव्हरसियरची मधल्या काळात दुसरीकडे बदली झाली. त्यांचे तिकिटाचे पाच रुपये द्यायचे राहिले आहेत.